बॅन्शीचं इंजिन आपल्या चालवण्याला जुळवताना

सेकंडहँड बॅन्शी, म्हणजे यामाहाची वाळू-मातीत चालवायची चारचाकी टू-स्ट्रोक गाडी, घरी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एक्झॉस्ट पाइप कुठला टाकू? मी उलट विचारतो. गाडी नेणार कुठे, आणि तिथे थ्रॉटल दाबणारा तुमचा उजवा अंगठा किती वेळ पूर्ण दाबलेला असतो? या दोन गोष्टींचं खरं उत्तर मिळाल्याशिवाय मी कुणाला एकही पार्ट सुचवत नाही. या इंजिनात ताकद वाढवणं सोपं आहे. ती आपल्याला लागते त्या आरपीएमवर आणणं हे खरं काम, आणि पैसे वाया जातात ते इथेच.

यामाहाची बॅन्शी, म्हणजे वायएफझेड ३५०, अमेरिकेत १९८७ ते २००६ या काळात विकली गेली. दोन सिलिंडर, ३४७ सीसी, पाण्याने थंड होणारं इंजिन, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत सोडणाऱ्या, परत न जाऊ देणाऱ्या पाकळ्या), सहा गिअर. बोअर ६४ मिमी, स्ट्रोक ५४ मिमी. हे आकडे ओळखीचे वाटले तर बरोबर आहे: १९८३ पासून फरिदाबादला बनलेल्या राजदूत ३५० चं बोअर-स्ट्रोक नेमकं हेच होतं. ती हवेने थंड होणारी, ही पाण्याने, पण घराणं एकच. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात राजदूत आणि आरएक्स १०० चे ब्लॉक घासत शिकलो. कॅलिफोर्नियात आल्यावर पहिली बॅन्शी उघडली तेव्हा हाताला काहीच परकं वाटलं नाही.

खाली जे लिहिलंय ते बॅन्शी धरून आहे. होंडाची टीआरएक्स २५०आर किंवा यामाहाची ब्लास्टर असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

ताकद एका पट्ट्यात का येते

टू-स्ट्रोकचा एक्झॉस्ट पाइप म्हणजे नुसती धूर बाहेर काढायची नळी नव्हे. एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतलं जळका वायू सोडणारं भोक) उघडला की दाबाची लाट पाइपमध्ये धावते. रुंदावत जाणाऱ्या कोनापाशी तिचा एक भाग ओढ बनून परत येतो आणि सिलिंडरमधला जळका वायू खेचून घेतो. पुढे पाइप निमुळता होतो तिथून दाबाची लाट परत फिरते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या क्षणी सिलिंडरमध्ये ढकलते. त्या ढकलण्यालाच आपण ‘पाइपवर आली’ म्हणतो.

आता हिशेब पाहा. ८००० आरपीएमला क्रँकची एक फेरी ७.५ मिलिसेकंदांत होते. एक्झॉस्ट पोर्ट १९० अंश उघडा राहत असेल तर तो उघडा असण्याचा वेळ सुमारे ४ मिलिसेकंद. ५००० आरपीएमला तोच वेळ ६.३ मिलिसेकंद होतो. लाटेला जाऊन परत यायला मात्र दोन्ही वेळी जवळपास तेवढाच वेळ लागतो, कारण पाइपची लांबी बदलत नाही. म्हणजे वरच्या आरपीएमसाठी कापलेल्या पाइपात खालच्या आरपीएमला लाट लवकर परत येते, ट्रान्सफर पोर्ट (ताजं मिश्रण आत आणणारे) अजून उघडे असतात, आणि ती जळका वायूच आत ढकलते. गाडी गुदमरल्यासारखी चालते. पाइप खराब नसतो, तुम्ही त्याच्या पट्ट्याच्या बाहेर असता.

पोर्ट, पाइप, कार्ब्युरेटर, हेड, टायमिंग, चेनचे दाते, या प्रत्येकाचा असा एक पट्टा असतो. सगळे एकाच पट्ट्यात बसले तर साधे पार्टसुद्धा जबरदस्त चालतात. एक जरी दुसरीकडे ओढत असेल तर महागडं इंजिन स्टॉक, म्हणजे कारखान्यातून आली तशाच, गाडीच्या मागे राहतं.

पहिली पायरी: आपलं चालवणं मोजा

बॅन्शीला आरपीएमचा काटा नसतो. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा डिजिटल मीटर लावा. एका फेरीला किती स्पार्क पडतात ते मीटरमध्ये नीट भरा, नाहीतर आकडा दुप्पट दिसतो. मग थ्रॉटलच्या डबीवर पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवून पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. या खुणा पुढे जेटिंगलाही, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारे जेट जुळवायलाही, लागणार आहेत.

दोन-तीन वेळा नेहमीच्या जागी जाऊन या आणि प्रत्येक फेरीनंतर लिहून ठेवा: वळणातून बाहेर पडताना आरपीएम किती होता, क्लच किती वेळा दाबावा लागला, पूर्ण थ्रॉटल सलग किती सेकंद होता. वेस्ट व्हर्जिनियाच्या हॅटफील्ड-मॅकॉय ट्रेल्ससारख्या डोंगरातल्या वाटांवर चालवणारा माणूस बहुतेक वेळ पाव ते अर्ध्या थ्रॉटलवर असतो आणि इंजिन ३५०० ते ६५०० च्या मध्ये फिरतं. कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूत चढ घेणारा तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल १५-२० सेकंद धरतो. या दोघांना एकच पाइप विकणारा माणूस दोघांपैकी एकाला नक्की फसवतो.

आणि उत्तर मनापासून द्या. वर्षातून एकदा ड्रॅग (छोट्या सरळ अंतराची शर्यत) लावायचा आणि उरलेले सगळे रविवार पोरांबरोबर ट्रेलवर जायचं, तर तुम्ही ट्रेलवाले आहात.

दुसरी पायरी: इंजिन निरोगी आहे का

इथे मी थांबून बोलणार आहे, कारण माझं पहिलं इंजिन इथेच गेलं. पोर्टिंग केलेली (पोर्ट घासून वाढवलेली), मोठे पाइप लावलेली गाडी मी एका दुकानातून घेतली आणि कसलीही तपासणी न करता वाळूत नेली. दुसऱ्याच चढावर आवाज एकदम तीक्ष्ण झाला, मग मागची चाकं लॉक. डावा सिलिंडर सीझ, म्हणजे पिस्टन आत अडकून बसलेला. पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगावर उभ्या ओरखड्यांचा पट्टा, ॲल्युमिनियम स्लीव्हला पुसल्यासारखं लागलेलं. उजवा पिस्टन मात्र स्वच्छ. कारण होतं डाव्या बाजूचं, मॅग्नेटमागचं क्रँक सील. त्यातून हवा आत येत होती, म्हणून फक्त डाव्या सिलिंडरचं मिश्रण पातळ झालं. दहा मिनिटांची तपासणी केली असती तर ते वाचलं असतं.

ती तपासणी अशी. दोन्ही एक्झॉस्ट पोर्ट रबरी बूच लावून बंद करा. कार्ब्युरेटर काढून इनटेकच्या रबरी बूटमध्ये बूच बसवा, त्यातल्या एकाला व्हॉल्व्ह आणि छोटा प्रेशर गेज. हातपंपाने ६ पीएसआय हवा भरा, त्याहून जास्त नको. सहा मिनिटं काटा हलला नाही तर इंजिन घट्ट आहे. हलला तर साबणाचं पाणी घेऊन बूट, रीडचं गास्केट, ब्लॉकचा तळ आणि मॅग्नेट काढून त्यामागचं सील यांवर ब्रशने लावा. बूटच्या घडीत केसाएवढी चीर असली तरी तिथे बारीक फेस उठत राहतो, थांबत नाही. उजवीकडचं सील क्लचच्या बाजूला असतं. ते गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, उजवा पाइप जास्त धूर काढतो आणि गिअर ऑइल हळूहळू कमी होतं.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, काटा वाढायचा थांबेपर्यंत किका मारा. दोन्ही सिलिंडरमध्ये १० पीएसआयपेक्षा जास्त फरक असेल तर पाइपचे पैसे आधी बोअर आणि पिस्टनमध्ये घाला.

तिसरी पायरी: चेनचे दाते

सगळ्यात स्वस्त बदल हाच, आणि लोक तो शेवटी करतात. बॅन्शीला स्टॉक पुढे १४ आणि मागे ४१ दाते. पुढे १३ टाकले तर त्याच वेगाला इंजिन सुमारे पावणेआठ टक्के जास्त फिरतं. म्हणजे जिथे ६००० आरपीएमवर गाडी लोळत होती तिथे आता साधारण ६४६० मिळतात, आणि कितीतरी वेळा एवढ्यानेच ती पाइपवर येते. पुढचा एक दात कमी करणं हे मागे तीन दाते वाढवण्यासारखंच आहे.

वाळूत पॅडल टायर (वल्ह्यासारख्या पट्ट्यांचे) लावले की पकड प्रचंड वाढते आणि इंजिनवर लोड येतो. चढावर चौथा टाकल्यावर आरपीएम पडत असेल आणि तिसऱ्यात इंजिन ओरडत असेल, तर दोन गिअरमधली दरी दात्यांनीच भरायची असते. पोर्टिंगने ती भरत नाही.

चौथी पायरी: पाइप

आता पाइप. ट्रेल आणि सर्वसाधारण चालवण्याला एफएमएफ फॅटीसारखे मधल्या आरपीएमचे पाइप बरे. मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर आणि थोडं वाळूत, थोडं मातीत चालवणाऱ्याला टूमी टी५ सारखा मध्यापासून वरपर्यंत ओढणारा पाइप मी पहिल्यांदा सुचवतो. शिअरर किंवा सीपीआयचे मोठे पाइप वरच्या आरपीएमचे. त्यांना पोर्टिंग, मोठे कार्ब्युरेटर आणि सरळ लांब चढ लागतात. स्टॉक पोर्टवर ते लावून जंगलात गेलात तर दिवसभर क्लच दाबत बसाल.

सरकारी जंगलातल्या वाटांवर सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर असणं बंधनकारक असतं. पाइप घेतानाच विचारा, नंतर बसवणं त्रासाचं होतं.

पाचवी पायरी: पोर्टिंग, करायचंच असेल तर

उद्यमनगरातले आमचे वस्ताद ग्राइंडर हातात देण्याआधी एकच वाक्य म्हणायचे: “काढलेला धातू परत चिकटत नाही, लेका.” एक्झॉस्ट पोर्टची वरची कड एक मिलिमीटर वर नेली की पोर्ट लवकर उघडतो, उशिरा बंद होतो, ताकद वरच्या आरपीएमला सरकते आणि खालची कमी होते. अंदाजासाठी: ट्रेलचं इंजिन साधारण १९० अंशांच्या आत ठेवतात, मोटोक्रॉसचं १९० ते १९५ च्या आसपास, ड्रॅगचं २०० च्या वर जातं. पण एक्झॉस्ट एकटा वाढवून चालत नाही. ट्रान्सफर पोर्ट उघडायच्या आधी सिलिंडरमधला दाब उतरायला वेळ मिळाला पाहिजे, म्हणून दोघांमधलं अंतर बघूनच दोन्ही ठरवावे लागतात.

रुंदीलाही मर्यादा आहे. मध्ये खांब नसलेला एक्झॉस्ट पोर्ट बोअरच्या ७० टक्क्यांच्या आसपास थांबवावा. ६४ मिमी बोअरला ते ४५ मिमीच्या जवळपास येतं. त्यापुढे रिंग पोर्टमध्ये फुगून अडकायची भीती. घासून झाल्यावर प्रत्येक पोर्टची कड हाताने मारून बोथट करा. बोटाला धार लागली म्हणजे रिंगलाही लागणार.

ट्रेलवाल्यांना माझा सल्ला: पोर्ट वर नेऊ नका. ब्लॉक आणि केसच्या जोडावर ट्रान्सफरच्या वाटा एकमेकींना नीट जुळवून घ्या, ओतकामाचे खडबडीत उंचवटे साफ करा, आणि थांबा. तेवढ्याने पिकअप सुधारतं आणि काहीही गमवावं लागत नाही. स्ट्रोकर क्रँकचंही इथेच सांगतो. ४ मिमी वाढीव स्ट्रोकने इंजिन ३७३ सीसी होतं आणि खालचा टॉर्क छान वाढतो, पण पोर्टचं टायमिंग आणि हेड दोन्ही त्याप्रमाणे करून घ्यावे लागतात. पहिल्या वर्षी तिकडे जाऊ नका.

सहावी पायरी: हेड, पेट्रोल, टायमिंग

हेडमध्ये कॉम्प्रेशन वाढवलं की सगळ्याच आरपीएमला फायदा होतो, म्हणून हा बदल प्रत्येक प्रकारच्या चालवण्याला चालतो. मर्यादा पेट्रोल घालतं. कॅलिफोर्नियातल्या पंपावर प्रीमियम ९१ ऑक्टेनचं मिळतं. त्यावर समुद्रसपाटीला गेजवर १५० पीएसआयच्या आसपास मी थांबतो. पुढे जायचं तर रेस फ्युएल विकत घ्यायची तयारी ठेवा.

स्क्विश, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना त्याची कड आणि हेड यांच्यात उरणारी फट, १.० ते १.२ मिमी ठेवा. सोल्डरची तार वाकवून प्लगच्या भोकातून गजन पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना घाला, क्रँक हाताने फिरवा, चेपलेली तार व्हर्नियरने मोजा. पिनच्या रेषेतच घाला. आडवी घातली तर पिस्टन कलतो आणि माप खोटं येतं.

इग्निशन टायमिंग ४ अंशांपर्यंत पुढे नेण्याची पद्धत बॅन्शीवर रूढ आहे. खालचा आणि मधला भाग चटपटीत होतो, ट्रेलला आणि ट्रॅकला उपयोगी. लांब चढांसाठी मी तेवढं नेत नाही, कारण सलग पूर्ण थ्रॉटलवर उष्णता वाढते आणि नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका) कानाला ऐकू येईपर्यंत पिस्टनच्या कडेवर वाळू मारल्यासारखे खड्डे पडलेले असतात.

सातवी पायरी: कार्ब्युरेटर आणि रीड

स्टॉकचे दोन २६ मिमी मिकुनी पाइप लावलेल्या, पण पोर्ट न वाढवलेल्या इंजिनाला पुरेसे आहेत. मोठ्या कार्ब्युरेटरमध्ये कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट उचललं जात नाही आणि अंगठा दाबल्यावर क्षणभर खड्डा येतो. पोर्टिंग झालेल्या ड्यूनच्या, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवरच्या, गाडीला ३३ ते ३५ मिमी योग्य. रीडच्या पाकळ्या मऊ असतील तर खालचा प्रतिसाद चांगला, कडक असतील तर वरच्या आरपीएमला फडफडत नाहीत. यापुढे रीडवर फार डोकं खपवायची गरज नाही.

दोन्ही कार्ब्युरेटरच्या स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातात का ते हवेच्या बाजूने बोट घालून तपासा. एक अर्धा मिलिमीटर मागे राहिली तरी एक सिलिंडर दुसऱ्याला ओढत बसतो.

बरेच जण टॉर्स काढून टाकतात. ती यंत्रणा थ्रॉटल अडकल्यास इग्निशन तोडण्यासाठी दिलेली आहे. काढणार असाल तर मनगटाला दोरी बांधायचा किल स्विच त्याच दिवशी लावा. यात तडजोड करू नका.

आठवी पायरी: जेटिंग

वरचं सगळं नीट केलं आणि जेटिंग चुकलं तर पिस्टन जातो. स्टॉक मेन जेट २०० चा. पाइप लावले आणि एअरबॉक्सचं झाकण काढलं की ३०० पासून सुरुवात करा आणि एकेक साइज खाली या. कधीही खालून वर जाऊ नका. जास्त पेट्रोल असेल तर गाडी भकभकते, कमी असेल तर सीझ होते.

पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट, पाव ते पाऊण नीडल (स्लाइडची सुई), पुढे मेन जेट. थ्रॉटलच्या डबीवरची टेप इथे कामाला येते. गाडी कुठे अडखळते ते खुणेवर बघा, म्हणजे कुठला जेट ते कळतं.

मेन तपासायची पद्धत: इंजिन चांगलं गरम करा. दोन नवे प्लग लावा, स्टॉकला एनजीकेचे बी८ईएस. मोठ्या सपाट पट्ट्यावर वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल धरा, मग थ्रॉटल न सोडता किल स्विच दाबा आणि त्याच क्षणी क्लच धरा. गाडी तशीच थांबू द्या, इंजिन पुन्हा सुरू करू नका. प्लग काढून हॅकसॉने त्याच्या आट्यांचा भाग कापा. चिनीमातीच्या अगदी तळाशी, जिथे ती धातूत शिरते तिथे, दोन-तीन मिलिमीटरचं तपकिरी कडं दिसलं पाहिजे. कडं नाहीच आणि चिनीमाती पांढरीफटक असेल तर त्याच क्षणी दोन साइज वर जा. कडं काळं आणि जाड असेल तर एक साइज खाली. टोकाचा रंग बघून निर्णय घेऊ नका, तो थांबता थांबता बदलतो. दोन्ही प्लग कापा, कारण दोन सिलिंडर म्हणजे दोन इंजिनं.

हवा १० अंश सेल्सिअसने थंड झाली की घनता साडेतीन टक्क्यांनी वाढते, साधारण एका साइजचा फरक. ग्लॅमिसला हिवाळ्यात सकाळी ५ अंश आणि दुपारी २५ असू शकतं, म्हणजे दुपारी बसवलेला जेट दुसऱ्या दिवशी सकाळी दोन साइज लहान पडतो. उलट आयडाहोच्या सेंट अँथनीच्या वाळूत, सुमारे १५०० मीटर उंचीवर, हवा १४ टक्के विरळ असते. तिथे ग्लॅमिसचा जेट भकभकणारच.

ऑइलचंही यात येतं. यामाहाने २४:१ सांगितलंय. १२ लिटरच्या टाकीला ५०० मिली. ३२:१ केलं तर ३७५ मिली. ऑइल वाढवलं की मिश्रण सुरक्षित झालं असं लोक समजतात, पण त्याच जेटमधून ऑइल जास्त गेलं म्हणजे पेट्रोल कमी गेलं. प्रमाण बदललं की जेट पुन्हा तपासा.

मग कुणी काय लावावं

ट्रेलवाल्याने १३ दातांची पुढची स्प्रॉकेट, मधल्या आरपीएमचा पाइप, थोडं कॉम्प्रेशन, ४ अंश टायमिंग आणि फ्लायव्हीलला वजन एवढं करावं. वजनामुळे इंजिन दगडांवर बंद पडत नाही आणि ताकद चाकाला सौम्यपणे जाते. मोटोक्रॉसवाल्याने फ्लायव्हील तसंच ठेवून टूमीसारखा पाइप आणि माफक पोर्टिंग.

ड्यूनवाल्यांसाठी थोडं सविस्तर. ग्लॅमिसच्या इम्पीरियल सँड ड्यून्सचा पट्टा ६५ किलोमीटरपेक्षा लांब आहे आणि ओल्डस्मोबिल हिलवर जाणारा प्रत्येक जण वेगासाठीच जातो, पण तिथे जास्त वेळ जातो तो बाऊलमध्ये, म्हणजे वाळूच्या वाट्यांमध्ये, अर्ध्या थ्रॉटलवर वळताना. म्हणून ८५०० च्या पुढेच जागं होणारं इंजिन बांधू नका. ६५०० पासून ओढायला लागलं पाहिजे. क्लचला कडक स्प्रिंगा आधी घाला: आरपीएम चढतो पण वेग चढत नाही, तर क्लच घसरतोय. एअर फिल्टरवर बारीक जाळीचं आवरण हवंच, कारण टू-स्ट्रोकमध्ये हवा क्रँककेसमधून जाते आणि वाळूचा कण पिस्टनच्या आधी क्रँकचं बेअरिंग खातो. ३०० फुटांच्या सँड ड्रॅगसाठी गाडी हवी असेल तर ती वेगळी बांधा. त्या इंजिनाने बाऊलमध्ये मजा येत नाही.

एका वेळी एकच बदल करा, आणि प्रत्येक बदलानंतर आधी मोजलेली तीच फेरी मारून वहीत तारीख, तापमान, उंची, मेन जेट, नीडलची खाच आणि प्लगचा रंग लिहा. माझ्या वहीचं पहिलं पान अजून टूलबॉक्समध्ये आहे. त्यावर फक्त एवढंच लिहिलंय: “डावा प्लग पांढरा. सील तपासणे.” ते मी सीझ झाल्यानंतर लिहिलं होतं.